गुडघ्याची ओ

दोलोनचा घाट बंद. बर्फ कमरेइतका.
नारिनच्या इस्पितळात रात्रपाळीला मी,
आणि नुरझात, तिसावा आठवडा.
पोटातल्या बाळाला अजून श्वासाची ओळख नाही.

दोन दिवस हवेत. फक्त दोन.
फुप्फुसांसाठीचं इंजेक्शन बाळापर्यंत मुरायला
तेवढा वेळ लागतोच. घाई केली म्हणून
पीठ काही लवकर फुगत नाही.

आधी गोळ्या दिल्या. कळा मंदावल्या खऱ्या,
पण रक्तदाब असा घसरला
की ती म्हणाली, "एजे, खिडकी पुसट होतेय."
डाव्या कुशीवर वळवलं, सलाईन सोडलं,
गोळ्या बंद. मग मॅग्नेशियम.
थेंबाथेंबानं तिच्या अंगात ऊन शिरलं;
बाहेर उणे बावीस, आणि ही पांघरूण लाथाडतेय.

दर तासाला श्वास मोजायचे,
पिशवीतली लघवी मोजायची,
आणि रबरी हातोडीनं गुडघ्याखाली टक्.
पाय उडाला की वहीत एक रेघ.
तिची सासू तोक्तोकान हसायची,
"घोडी विकत घेतेस का गं, पाय बघून?"

पहाटे तीनला टक्.
काही नाही.
दुसऱ्या पायाला टक्.
घरात माणसं आहेत, दिवा आहे,
आणि आतून कुणी ओ देत नाही.
श्वास मिनिटाला नऊ.
पिशवीत तासाभराचे जेमतेम पंधरा मिली.
औषधाची बाहेर पडायची वाटच तुंबली होती.

मी थेंब थांबवला.
बाळाला आत धरून ठेवणारा हात
मीच सोडवला.
तोंडावर ऑक्सिजन, मग कॅल्शियम,
दहा मिली, दहा मिनिटं,
थोडं ढकल, थांब, थोडं ढकल,
डोळा घड्याळावर, बोट नाडीवर.
फोनवर एर्मेक डॉक्टर
"सावकाश" एवढंच म्हणत राहिले.
तोक्तोकान हसत नव्हती.

अकराव्या मिनिटाला टक्,
आणि नुरझातचा पाय असा उडाला
की हातोडी निसटून पलंगाखाली गेली.
ती घ्यायला वाकले
आणि तिथंच, फरशीवर, जरा बसून राहिले.

कळा परत आल्या का? आल्या, सकाळी, बारीकशा.
दीड दिवस तेवढा पदरात पडला होता.
दुपारी घाट उघडला, रुग्णवाहिका निघाली,
तोक्तोकाननं माझ्या खिशात बोरसोक कोंबले.
पुढचं मला माहीत नाही.

घरी नवरा झोपलेला,
पाय पांघरुणाबाहेर.
मी बोटांनीच गुडघ्याखाली टक् केलं.
तो दचकला, "काय झालं?"
म्हटलं, काही नाही. झोप.