धावदोरा

झोंबाच्या बाजारात, औषधांच्या दुकानाच्या ओट्यावर
एकोणीसशे शहात्तरपासून माझं मशीन आहे.
विद्यापीठाचा शिपाई झगा घेऊन आला:
लालभडक, बाह्यांना सोनेरी काठ, आत कापराचा वास.
म्हणाला, सैदी, साहेबांच्या अंगाला बसव,
कात्री मात्र लावू नकोस. नुसता दुमड.
सोमवारी परत पेटीत जायचाय.

साहेब म्हणजे लेव्हिसन काफुंडा.
माझ्या वहीत त्यांची मापं आहेत.

गळा चौदा, छाती चौतीस.
हे त्याच विद्यापीठाने काढून टाकलं त्या दिवशीचं.
भिंतीवरच्या कागदात त्याचं नाव तिसरं होतं.
बाही पोलिसांच्या हातात राहिली
आणि हा उघड्या दंडाने माझ्यापुढे उभा,
खिशात वीस तांबाला, तोंडात भाषण.
बाही लावून दिली. रंग जुळला नाही.
उरलेले तीस, म्हणाला, राज्य बदललं की देतो.

गळा तेरा. तुरुंगातून सुटल्यावर.
टेप छातीवरून दोनदा घसरली.
त्याच्या आईने खुर्ची घट्ट धरून ठेवली होती,
जणू खुर्चीच उडून जाईल.

गळा पंधरा. खासदार.
सदऱ्याला सरोवराचा वास, चांबो माशांचा.

मंत्री झाला तेव्हा कमरेभोवती
टेपची दोन टोकं भेटता भेटेनात.
हसून म्हणाला, सैदी,
माप घेतोयस की माझं माप काढतोयस?

मग दहा वर्षं पान कोरं.
राष्ट्राध्यक्षांचे सूट विमानाने यायचे.

त्या दहा वर्षांत रस्ता आला, खोटं का बोलू;
आमच्या वस्तीत नळ आला,
त्याच पाण्याने तोंड धुऊन हे सांगतोय.
आणि एका मार्चमध्ये विद्यापीठाच्या फाटकाला साखळी आली.
त्या संध्याकाळी तिओंगे नावाची पोरगी
उघड्या दंडाने माझ्यापुढे उभी.
तिची बाही मात्र जुळवून दिली.
एव्हाना माझ्याकडे रंग पुष्कळ झाले होते.

परवा ते स्वतः आले. काठी, दोन माणसं.
डावा खांदा इंचभर उतरलेला.
गळा पुन्हा चौदा. मी आकडा मोठ्याने बोललो नाही.
वही त्यांनीच उचलली, पानं उलटली,
कोऱ्या पानाशी थांबले.
इथे काही नाही?
इथे तुम्ही आला नाहीत, म्हटलं.

समारंभ मी बाहेरून ऐकला, जॅकरंडाखाली.
कर्ण्यातून त्याग आला, सेवा आली, दूरदृष्टी आली.
‘काढून टाकलं’ याचं
‘शिक्षण अपुरं राहिलं’ झालेलं.
साखळी कुणाच्याच कागदात नव्हती.
खिडकीतून दिसलं तेवढं सांगतो:
वाचता वाचता त्यांनी उजवी बाही चाचपली,
माणूस किल्ली चाचपतो तशी,
आणि पुढची ओळ वाचली.

सोमवारी झगा परत आला.
धावदोराच घातला होता, एका ओढीत निघाला.
दुमडीत मंडासीचा चुरा सापडला, तो झटकला.
पुढच्या वर्षी कुणी बिशप आहेत म्हणे, ताडमाड.

वहीत तारीख घातली. गळा चौदा.
उधारीच्या रकान्यात तीस तांबाला.
ते नाणं आता कुणी घेत नाही.
तरी खोडलं नाही.