जमणी

तरसालीच्या आयटीआयमध्ये, दुसऱ्या मजल्यावर,
खरखरत्या पंख्याखाली आठ कॉम्प्युटर. सहावा माझा.
पडद्यावर मी आडनावापासून सुरू होते:
फणसे देवयानी श्रीनिवास.
फोटोत डोळे अर्धे मिटलेले.
साहेब म्हणाले, चालशे.

भाषा निवडा: गुजराती, हिंदी, इंग्रजी.
ज्या भाषेत मला ओरडा बसतो ती यादीत नव्हती.
मी गुजराती निवडली, शाळेचीच सवय.
पंधरा प्रश्न, अकरा तरी बरोबर हवेत,
प्रत्येकासोबत उलटं मोजणारं घड्याळ.
आंधळा माणूस पांढरी काठी उंचावून
रस्ता ओलांडतोय, तुम्ही काय कराल?
इतकं सोपं विचारतात म्हणून
मी दोनदा वाचलं, आणि चार सेकंद उरलेले असताना
थांबले.

झंखना दहावर अडकली.
बाहेर येऊन तिने सँडलचा बंद इतका वेळ लावला
की माझे तेरा कुठे ठेवावेत ते कळेना.

घरी बाबांनी तो कागद ट्यूबलाइटखाली धरला.
सहा महिनेच चालतो? एवढंच विचारलं.
बाबांकडे लायसन्स नाही. न्यायमंदिरामागच्या दुकानात
बत्तीस वर्षं ते सायकलने जातात,
आणि पावसात, मालक म्हणतील तर, रिक्षाने.

रजनीकाकांच्या गाडीत दोन ब्रेक आहेत.
एक माझ्या पायाशी, एक त्यांच्या.
पुढे-मागे लाल एल, थोडा तिरका चिकटवलेला.
सकाळी सहाला अकोट्याचा पूल रिकामा,
खाली विश्वामित्रीतल्या मगरीही
अजून उन्हासाठी काठावर आलेल्या नव्हत्या.
पुलानंतर काका म्हणाले, जमणी, बेटा, जमणी!
शब्द काही नवा नाही. भाजीवाल्याशी, मैत्रिणींशी
जन्मभर बोलतेच आहे.
पण तीन पेडल आणि दोनच पाय असले
की माणूस आईच्या भाषेत पळून जातो.
मला ऐकू आलं: जमणं.
हो काका, जमेल, म्हणाले,
आणि सरळ निघून गेले.

काका इतके हसले की त्यांचा ब्रेक त्यांनाच सापडेना.

रात्री आईने ताट मांडून दाखवलं.
हे बघ, मीठ वर मध्यभागी,
चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे.
जमणी म्हणजे तरी काय, जेवायच्या हाताची.
एरवी हीच आई म्हणते
आपण कुणात डावं-उजवं करत नाही,
बाळूमामांच्या मुलांतसुद्धा नाही.
दुसऱ्या दिवशीपासून मी वडोदरा ताटासारखं चालवलं:
आपण चटणीच्या कडेने,
पुढच्याला ओलांडायचं भाजीच्या बाजूने,
आणि काळ्या घोड्याच्या सर्कलला
जो आधीच गोल फिरतोय त्याला आधी वाढायचं.
गाय मध्ये बसली असेल तर
पुस्तकात तिची खूण असते,
पण ती किती वेळ बसेल याची नसते.

गेल्या रविवारी शेवटचा धडा.
बाबा मागच्या सीटवर, मांडीवर पिशवी,
पिशवीत काय होतं ते त्यांनी सांगितलं नाही.
दांडिया बाजारातून सूरसागरकडे येताना
मागून त्यांचा आवाज आला, हळू, विचारल्यासारखा:
इथून उजवीकडे घेशील?
आणि माझे हात तसेच राहिले स्टिअरिंगवर.
उजवी हा शब्द मला माहीत होता.
हातांना नव्हता.
ते वाट बघत होते, कुणीतरी दुसऱ्या भाषेत सांगेल म्हणून.
जमणी, काका पुटपुटले,
आणि गाडी वळली, गुळगुळीत,
आतापर्यंतचं माझं सगळ्यात चांगलं वळण.

तलावाच्या कडेने बराच वेळ कुणी बोललं नाही.
आरशात बाबा खिडकीबाहेर बघत होते,
पिशवी घट्ट धरून.
मग ते म्हणाले,
ते टिकटिक वाजतंय अजून.
बंद करायचं असतं ना?