गच्चीची वाटणी

आमच्या त्रिपोलीत, लेबनॉनच्या या किनाऱ्यावर,
सरकारी वीज यायची ती उपऱ्या पाहुण्यासारखी:
न कळवता, आणि चहा उकळायच्या आत परत.
बाकी सगळा दिवस शौकीच्या जनरेटरचा.
गल्लीच्या तोंडाशी पत्र्याच्या खोलीत बसून
तो डिझेलचा हिशेब वहीत मांडायचा
आणि थकबाकीदाराची वायर
पकडीनं, अगदी शांतपणे, तोडायचा.
माझी दोनदा तोडलीय.

मग तळमजल्यावरच्या बेकरीवाल्या नाझिमनं
बायकोच्या बांगड्या विकून नऊ पॅनेलं आणली,
आणि पाचही मजल्यांना एकदम आठवलं
की ऊन आपल्याही वाट्याचं आहे.

तोवर गच्ची कुणाचीच नव्हती.
टाक्या, गंजलेल्या डिश,
इब्तिहाजबाईंचा वाळत घातलेला झातर,
आणि वहीबची कबुतरं.
तिसऱ्या मजल्यानं टेप आणली.
पाचवा म्हणाला, छत आमच्या डोक्यावर, पहिला हक्क आमचा.
जोडणीला आलेला पोरगा दक्षिणेकडे बघत राहिला, बराच वेळ.
"जागेचं राहू द्या," म्हणाला, "सावलीचं बोला.
तीन वाजता तो कबुतरखाना इथवर येतो.
एका पॅनेलवर वीतभर सावली पडली
तरी अख्खी रांग पेंगते."

वहीब तिथंच उभा होता.
कबुतरखान्याचे खिळे त्याच्या बापानं ठोकलेले,
युद्धातसुद्धा तो जागचा हलला नव्हता.
कुणी काही म्हणालं नाही.
आम्ही नुसते बघत होतो, तेच पुरलं.

चार दिवसांनी त्यानं तो स्वतःच सोडवला
आणि उत्तरेच्या कठड्याशी, बुटका करून, पुन्हा बांधला.
पण कबुतरांना घर म्हणजे फळ्या नसतात.
संध्याकाळी ती जुन्या जागेवर उतरली,
काळ्या काचेवर पाय भाजले, उडाली,
पुन्हा उतरली.
आता वहीब रोज पहाटे बादली घेऊन
पॅनेलांवरची शिट पुसतो.
मोबदला म्हणून मागितला एकच दिवा,
पिल्लांच्या उबेसाठी.

माझ्या वाट्याला दोन पॅनेलं.
शिलाई मशीन, पंखा, फ्रीज:
तिघांपैकी दोघं एका वेळी.
लग्नाचे झगे मी दुपारी शिवते,
काजं-बटणं ढगाळ दिवसासाठी ठेवते.
जानेवारीत काजंच काजं.

त्याच जानेवारीत डिझेलचा टँकर आला नाही.
पाचव्या रात्री जिन्यात पावलं वाजली.
शौकी.
आईच्या ऑक्सिजनच्या यंत्राला, म्हणाला, एक वायर.
फक्त सकाळपर्यंत.

आमच्या बॅटऱ्या निम्म्यावर होत्या.
पहाटे तीनला नाझिमची कणीक मळायची होती.
नाझिमनं माझ्याकडे पाहिलं, मी फ्रीजकडे.
मग त्यानं वायरचं भेंडोळं काढलं
आणि टोक सोलायला पकड मागितली.

शौकीनं ती
स्वतःच्याच खिशातून काढून दिली.