तिसरं पाणी

तोकुजी, तुझ्या पोटात दुर्बीण घालून
त्यांनी पाणी सोडलं, आणि तेच परत ओढून घेतलं,
आपण मुळे विसळतो तसं.
त्या पाण्यात पेशी निघाल्या.
"म्हणून सुरी आत्ता नाही," नाराओका डॉक्टर म्हणाल्या.
वय चाळीसच्या आत-बाहेर, नखं शाळकरी पोरासारखी कापलेली.
कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर त्यांनी जठर काढलं,
मला ते वाकडं वांगंच वाटलं.
"आधी औषध. गाठ आकसली, तर सुरी. मग पुन्हा औषध."
"आणि नाही आकसली तर?"
त्यांनी पेनाला टोपण लावलं.
"मग नुसतंच औषध."

सान्नाईत नोव्हेंबर म्हणजे धूर.
दोरीला बांधलेले मुळे आढ्याला, खाली चेरीची, ओकची लाकडं,
रात्री दोनदा उठून जाळ सारखा करायचा.
पन्नास वर्षं उठलास.
मग कोंडा, मीठ, लाकडी पिंप, वर दगड.
धूर कपड्यांत, धूर उशीत,
आणि मीठ पहिल्या घासाला, शेवटच्या घासालाही.

जाऊ दारातूनच म्हणाली, "मुळाच मुळावर आला बघ."
तिला मी आत घेतलं नाही.
पण रात्री पिंपाचं झाकण उचललं
आणि त्या वासालाच विचारलं, खरं का?
डॉक्टर म्हणाल्या, खारट असतं, एक जंतू असतो,
वय असतं, नशीब असतं,
एकाच्याच नावावर बिल फाडता येत नाही.

चौदा दिवस गोळ्या, सात दिवस सुट्टी,
दर फेरीच्या पहिल्या दिवशी सलाइन.
त्या थेंबांनी थंडी तुझी वैरीण केली.
नळाचं पाणी सुया, दाराची कडी सुया,
हवा घशात काचेसारखी,
आणि बाहेर पुरुषभर बर्फ!
"वरच्याला विनोद कळतो," तू म्हणालास,
माझे हातमोजे तुझ्या हातमोज्यांवर चढवत.
त्या साली मुळे मी धुतले.
तू खिडकीत, काचेला न शिवता,
बोटांनी आकडे दाखवत होतास: एक, दोन…
तिसऱ्या पाण्याला माती सुटते,
हे तुझंच सांगणं.

फेब्रुवारीत पुन्हा दुर्बीण, पुन्हा पाणी.
निवळ निघालं.
फोन मी घेतला. हो म्हटलं, हो, हो,
शेगडी बंद केली,
आणि मग लक्षात आलं, शेगडीवर काहीच नव्हतं.

सात तास.
जठर सगळंच काढलं,
अन्ननळी थेट आतड्याला शिवली.
इथल्या रिवाजाप्रमाणे मला आत बोलावून दाखवलं:
हिरव्या कापडावर, चिरून सपाट पसरलेलं.
चिमट्याच्या टोकाने डॉक्टर म्हणाल्या, "गाठ इथे होती."
तिथे आता पांढरट वळी, जुन्या व्रणासारखी.
इतकी वर्षं ज्याला जेवू घातलं
ते मी पहिल्यांदाच पाहत होते.
वाकून नमस्कार केला.
खाल्ल्या मिठाला जागलं होतं बिचारं.

आता दिवसाला सहा जेवणं, वाटी-वाटीची.
एका घासाला चाळीस वेळा चावणं.
मी मोजते, तू चिडतोस.
घाईने गिळलंस की घाम, धडधड, चटईवर आडवा.
वजन एकोणपन्नास.
आणि गोळ्या पुन्हा: चौदा, सात, चौदा, सात.
"आत काही उरलंय का?" मी विचारलं.
डॉक्टर म्हणाल्या, दिसत नाही.
नाही, असं म्हणाल्या नाहीत.

काल कुमागाईंचा धाकटा
त्याच्या पहिल्या पिंपातला मुळा घेऊन आला,
कागदात गुंडाळून, दोन्ही हातांनी पुढे धरून.
गावात पारख तुझीच.
मी चकती काढली, पलीकडचं दिसेल इतकी पातळ.
तू डोळे मिटून चावत राहिलास,
माझी मोजणी त्रेचाळीसवर गेली,
मग माझ्या तळहातावर थुंकलास.
"धूर बरोबर. मीठ कमी."
पोरगा मान खाली घालून म्हणाला,
"मुद्दामच कमी घातलं, आजोबा."
तू त्याच्याकडे बघत राहिलास,
छपरावरून बर्फाचा एक थर घसरून पडेपर्यंत.
मग सुरीकडे बोट केलंस:
अजून एक काप.