डावी भुवई

साबुदाण्याएवढे चंदेरी गोळे.
चिमट्यानं उचलायचे, एकेक,
आणि चिकटवायचे. भुवईवर तीन-तीन,
नाकपुडीच्या बाजूला, ओठांच्या कडेकडेनं.
बत्तीस होतात. डोक्याच्या पट्ट्यावर आणखी चार,
मान कुठं वळली ते कळायला.
"नवरी सजवतेस की काय मला?" पागनीसबाई म्हणाल्या,
उजव्या ओठानं.
डावा दिवाळीपासून गप्प आहे.

छत्तीस वर्षं मराठी शिकवलं.
दर गुरुवारी नारायण बागेतून रिक्षानं येतात
खंडवा रोडवर, आमच्या दुसऱ्या मजल्यावर,
जिथं आठ कॅमेरे चेहरा बघत नाहीत,
फक्त चकाकी बघतात.
पडद्यावर काळोख आणि त्यात ठिपके.
ना कुंकू, ना चष्म्याचा वण, ना वय.
"रांगोळीचे ठिपके काढले," बाई म्हणाल्या,
"आणि रेघा ओढायला कुणी आलंच नाही."

मी यादी वाचते. हसा. गाल फुगवा. नाक मुरडा.
"कुणाला बघून?"
म्हणजे?
"अगं, नाक रिकामं मुरडत नाही, समोर कुणीतरी लागतं.
आठी पडते ती कशानं तरी पडते.
तोंड वाकडं करा म्हणशील,
तर ते झालेलंच आहे."
आणि हसल्या. उजवीकडं नऊ मिलिमीटर.
डावीकडं शून्य पूर्णांक दोन,
ते यंत्राचं थरथरणं, सर म्हणतात, धरू नकोस.

मग मानेची पाळी. हो म्हणा. नाही म्हणा.
बाईंनी मान हलवली
जादा शेव मागितल्यावर पोहेवाला हलवतो तशी,
ना उभी ना आडवी.
यंत्रानं दोन्ही रकाने भरले.

चौथ्या गुरुवारी छापील फॉर्म संपले होते.
मी हातानं लिहिला, त्यांच्यासाठी मराठीत.
माझी मराठी घरापुरती, शाळा सगळी हिंदीत झाली.
ठिपके हलू नयेत म्हणून
बाईंनी चष्मा भिंगासारखा कागदावर धरला.
"मी माझ्या ईच्छेने..."
थांबल्या.
पडद्यावर डावीकडचे तीन ठिपके
वर गेले.
जेमतेम. एक पूर्णांक एक.

"इच्छेतली इ ऱ्हस्व. शाळेत काय करत होतीस?"
मी काहीच बोलले नाही, आकडा बघत होते.

सर म्हणाले, एकदाच्याला काय अर्थ, पुन्हा घे.
पुन्हा घेतलं. भुवया उंचवा, बाई.
उजवी गेली. डावी शून्य.
"सांगून कशी जाईल?" त्या म्हणाल्या,
पण हळू, पट्टा सोडवताना,
आणि एक गोळा कपाळावर तसाच राहिला,
तो घेऊन जिना उतरल्या.

छापील फॉर्म आलेत आता, अख्खा गठ्ठा.
तरी काल रात्री ओटा पुसून झाल्यावर
मी शब्दकोश उघडा ठेवून बसले.
'शारिरीक' लिहिलं. 'निरिक्षण' लिहिलं.
'माहीति' लिहिताना हात अडखळला,
इतकं चुकीचं बरोबर लिहिणं सोपं नाही.
खाली सहीची जागा, त्याखाली नाव.
आडनावाला हात लावायचा धीर होईना.
दिवा मालवला, पुन्हा लावला,
आणि 'पागनिस' केलं.