दुधाळ

डिसेंबरच्या पहाटे गोळीबार चौकातून
चालत आलेले मोरेश्वर बारापात्रे
खुर्चीत बसण्याआधी कानटोपी काढतात,
जणू देवळात आलेत.
"रात्री साडेनऊपासून पानीबी नाही, बाई."
पाण्याला मनाई नव्हती, हे मी सांगितलं नाही.

पस्तीस वर्षं सावजीच्या भट्टीसमोर.
तर्रीवर तेल किती बोटं उभं राहिलं
यावरून मटण झालं की नाही ते सांगणारा माणूस.
आता तीच बोटं कापतात,
डावी पापणी उडत राहते,
रात्री पोटऱ्यांत गोळे येतात
आणि गिरजाबाई चोळत बसतात
जवसाचं तेल.

नळी फिरून थांबली.
खाली लाल.
वर जिथं नितळ पिवळसर दिसायला हवं
तिथं दूध,
साय धरू पाहणारं.

मशीनला मॅग्नेशियम विचारलं.
मशीन गप्प.
या दुधातून उजेड पलीकडे जात नाही, एवढंच.

धंतोलीच्या या तळघरात बारा वर्षं बसून
एक कळलंय: जास्त असतं ते तरंगतं, चकाकतं,
कमी असतं ते
तळाशीही सापडत नाही.

चरबी जोरात फिरवून बाजूला काढली.
मग आकडा आला: एक पूर्णांक एक.
विश्वास बसेना म्हणून पुन्हा लावला.
तोच.

सहारे मॅडम म्हणाल्या,
नुसतं कमी असतं तर शरीर निभावतं गं,
हाडांकडून उसनं घेतं.
पण रक्तात अशी साय असली
की त्याच कमतरतेला दात फुटतात.
आणि कमतरतेनं पुन्हा साय वाढते.
आधी कोणी कोणाला हाक मारली
ते मलाही नाही सांगता येणार.

दुपारी रिपोर्ट न्यायला तेच आले.
"म्हंजे जास्तबी हाय आन् कमीबी हाय?
एकाच रक्तात?"
हो, म्हटलं.
कागद उलटा धरून ते बराच वेळ पाहत राहिले.
मग हसले.
"भट्टीवर असंच असते, बाई.
तेल लई सुटलं
का मीठ कमी पडलं ते जिभेले समजतच नाही.
गिऱ्हाईक म्हन्ते, मस्त झालं."

कानटोपी घालता घालता विचारलं,
बुधवारी बाजारात हरभऱ्याचा कोवळा पाला
आला असंल का एव्हाना?
मला माहीत नव्हतं.