सातवी खेप

वाल्देनीर टँकर मागे घेतो एका हातानं,
दुसऱ्या हातात चीजचा गरम पाव.
उबेरलांदियाबाहेरची लाल धूळ
सकाळी सहाला अजून उठलेली नसते.
नळीतून उतरतं काळपट, दाट काहीतरी,
पाक पुढे गेला की होतो तसं.
सोयाबीनचं तेल गाड्यांत जळायला निघून गेलं,
हे मागे राहिलं, दहा किलोंमागे एक.
साबणवाले भाव पाडतात,
कारखान्याला टाक्या पुरत नाहीत.
गेल्या महिन्यात मॅनेजर म्हणाला,
न्या हो, वर डिझेलचे पैसे देतो.

मी गाळते. मीठ, साबणाचा साका,
मेथॅनॉलचा डोक्यात जाणारा वास.
मग अ‍ॅसिटोन, नेलपॉलिश पुसायच्या बाटलीतलं असतं तेच,
आणि चिमूटभर नायोबियम ऑक्साइड,
अराशाच्या खाणीतलं,
तांदळाच्या पिठीसारखं पांढरं.
ढवळत राहायचं. दोन तासांत
ग्लिसरीन आपला चिकटपणा सोडतं,
सोलकेटल म्हणवून घेतं,
पेट्रोलमध्ये गेलं की डिंक धरू देत नाही.
सोबत थोडं पाणीही सुटतं, दर वेळी,
आणि ते पाणी
झालेलं सगळं परत फिरवायला बघतं.

उत्प्रेरक स्वतः बदलत नाही,
इओलांदा बाई पहिल्याच तासाला फळ्यावर लिहितात.
फळा मी पुसते.
फ्लास्कही मीच धुते, म्हणून माहीत आहे:
पहिल्या खेपेला ब्याण्णव टक्के,
चौथीला त्र्याहत्तर,
सातवीला एक्केचाळीस, आणि पूड
चहात बुडवलेल्या बिस्किटाच्या रंगाची.

टाकून दे, बाई म्हणाल्या,
दारातूनच, पर्स खांद्याला.
मी टाकली नाही.
गरम पाण्यानं मीठ धुतलं, तीनदा,
भट्टीत ठेवली, पाचशे अंश,
आणि बाकावर पाय वर घेऊन बसले
पहाटेपर्यंत.
पांढरी झाली.
आठवी खेप: एकोणनव्वद.
ते तीन कुठे गेले
वहीत लिहायला रकाना नाही.

वाल्देनीर म्हणाला, घाल की एक बाटली
माझ्याही गाडीत.
घातली. त्यानं किल्ली फिरवली,
इंजिन कालच्यासारखंच खोकललं.
फरक पडलाय, तो म्हणाला,
खिडकीतून मान बाहेर काढून, मोठ्यानं.
काही पडला नव्हता.
मी नळी जोडली.